खाऱ्या हवेतलं कॅमेऱ्याचं दुकान

मी त्या दुकानात तिसऱ्यांदा गेले, तेव्हा मी काही बोलायच्या आतच काकांनी कॅमेरा काचेच्या कपाटातून काढून काउंटरवरच्या मऊ कापडावर ठेवला. "आज उजेड बरा आहे," ते म्हणाले. "आज बाहेर नेऊन बघा."

दुकान अलिबागच्या बाजारपेठेत. आमचं घर नागावला. घरामागच्या नारळी-पोफळीच्या वाडीत तीन खोल्या बांधून आम्ही नवराबायकोने होमस्टे सुरू केला होता, त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. येणारे लोक मुंबई-पुण्याचे. ते फोनवर फोटो बघून खोली ठरवायचे. आमचे फोटो माझ्या फोनने काढलेले, त्यांत पांढरी चादर निळी दिसायची आणि वाडीत सकाळी जो हिरवा उजेड उतरतो तो तर कुठेच दिसायचा नाही. पलीकडच्या आळीतल्या खोल्या आमच्याहून अंधाऱ्या, पण त्या भरलेल्या असायच्या. त्यांचे फोटो कोणीतरी चांगल्या कॅमेऱ्याने काढले होते. म्हणून कॅमेरा घ्यायचं ठरलं, आणि मी काकांच्या दुकानाची पायरी चढले.

काका साठीच्या पुढचे. बारीक अंगाचे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखं अगदी मुळापासून कापलेली. दुकानात त्यांच्याबरोबर काकू असायच्या. पासपोर्टचे फोटो त्या काढायच्या, कॅमेरे काका विकायचे.

तर तिसऱ्या खेपेला आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. समोर एक बाई पांढऱ्या कांद्याच्या माळा लावून बसली होती. काका म्हणाले, "त्या कांद्याचा फोटो काढा."

"किती जवळ जाऊ?"

"कांद्याला राग येईल इतकं."

मी वाकले. त्यांनी माझं कोपर धरून माझ्याच बरगडीला टेकवलं. "हात हवेत नको. आणि श्वास कोंडू नका, सगळे तेच करतात. हळू सोडा, आणि सोडता सोडता दाबा." मी तसं केलं. मग त्यांनी पडद्यावर तो फोटो मोठा करून दाखवला. कांद्याच्या वरच्या पातळ पापुद्र्यात शिरा होत्या. एकमेकींना समांतर, देठापासून मुळापर्यंत गेलेल्या, आणि त्यांतून पलीकडचा उजेड झिरपत होता. मी जन्मापासून हा कांदा खाल्ला आहे. त्याला शिरा असतात हे मला त्या दिवशी कळलं. मी कांदेवालीलाही तो फोटो दाखवला. तिने आपल्याच कांद्याकडे वळून बघितलं आणि एक माळ उचलून डोळ्यांशी नेली.

पाऊण तास काकांनी मला शिकवलं. खोलीचा फोटो खिडकीकडे पाठ करून काढायचा, दुपारी अजिबात काढायचा नाही, चादर पांढरी दिसायला काय फिरवायचं. मी सगळं वहीत लिहून घेतलं. "घरी विचारून सांगते," म्हणाले आणि आले.

घरी नवऱ्याने तोच कॅमेरा फोनवर शोधून काढला. किमतीत जो फरक होता त्यात एका खोलीचा गीझर बसला असता. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी म्हटलं, "पण त्यांनी इतकं शिकवलं." तो म्हणाला, "मग पेढे देऊन ये." तिसऱ्या दिवशी खोकं दारात आलं.

फोटो सुरेख आले. वाडीतला उजेड पहिल्यांदा दिसला. मे महिना सगळा भरला. मी पेढे दिले नाहीत. बाजारात गेले की त्या दुकानावरून जायचं टाळून मागच्या गल्लीतून जाऊ लागले. एकदा काकू समोरून आल्या तर मी वळून बांगडीवाल्याच्या दुकानात शिरले आणि नको असलेल्या बांगड्या भरून आले.

पावसाळ्यात आमच्याकडे पाहुणे नसतात. कॅमेरा कातडी पिशवीत घालून लोखंडी कपाटात, साड्यांच्या मागे नीट ठेवून दिला. गणपतीच्या आधी काढला तर सगळे फोटो धुक्यातून काढल्यासारखे. काच पुसली, पुन्हा पुसली. धुकं आत होतं. मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला फोटो पाठवले. उत्तर आलं की ही बुरशी आहे, वॉरंटीत बसत नाही, लेन्स नवी घ्यावी. लेन्सची किंमत वाचून मी फोन उलटा ठेवला.

मग दुसरा काय रस्ता होता? मी पुन्हा ती पायरी चढले. कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि चढतानाच जुळवलेलं वाक्य बोलून टाकलं. "काका, माझ्या दिराने हा भेट दिला होता. आत काहीतरी झालंय."

काकांनी कॅमेरा उलटा-सुलटा करून पाहिला. "दिरांची निवड चांगली आहे," ते म्हणाले.

त्यांनी मला दुकानाच्या मागच्या भागात बोलावलं. तिथे खिडकीशी टेबल होतं, त्यावर पांढरंशुभ्र फडकं. एका कागदावर पेन्सिलीने एकात एक गोल काढलेले. लेन्स उघडताना ते एकेक इवला स्क्रू काढायचे आणि कागदावरच्या गोलावर, जिथून निघाला त्याच जागी ठेवायचे. मग काचा निघू लागल्या. एक, दोन, तीन... एवढ्याशा नळीत इतक्या काचा असतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. कुठली फुगीर, कुठली खोलगट, एकीवर जांभळी झाक, एकीवर हिरवी. मधे काळ्या पात्यांचं एक चक्र होतं. ते त्यांनी बोटाने सरकवलं तर डोळ्याची बाहुली मिटावी तसं मिटलं आणि उघडलं. मी तोंडावर हात ठेवून बघत होते.

चौथ्या काचेशी ते थांबले. घड्याळजी लावतात तसलं भिंग डोळ्याला लावून ते ती काच खिडकीकडे धरून बघत राहिले. इतका वेळ, की मला वाटलं काम हाताबाहेरचं आहे. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "पुसायच्या आधी बघून घ्या."

काचेच्या कडेपासून आत पांढरे धागे निघाले होते. एकाला दोन फाटे, त्या दोहोंना आणखी दोन, असं करत करत मधल्या भागात ते इतके बारीक झाले होते की धागा कुठे संपतो आणि काच कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. ओहोटीला खाडीच्या चिखलात पाण्याच्या वाटा उरतात ना, मोठीला छोटी, छोटीला आणखी छोटी मिळालेली, थेट तसं. कोणी आखून काढलं असतं तर चुकलं असतं. ह्यात कुठे चूक नव्हती.

"हे जिवंत आहे?" मी विचारलं.

"आहे तर. काचेवर खायला काय असतं? बोटाच्या तेलाचा एखादा कण, थोडी ओल, थोडा अंधार. तेवढ्यावर हिचा संसार. आपली हवा खारी आणि ओली, हिला फार मानवते." ते कापसाचा बोळा करत होते. "जन्म गेला हिला पुसण्यात. पण पुसायच्या आधी दर वेळी बघतो. दोन काचांवर सारखी कधी येत नाही."

माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "काका, दिराने नाही दिला. मी फोनवरून मागवला. तुमच्याकडून सगळं शिकून गेले आणि..."

"आत्ता बोलू नका," ते शांतपणे म्हणाले. "श्वासाची वाफ काचेवर बसते."

मी गप्प बसले. आयुष्यात इतकी गप्प मी क्वचितच बसले असेन. कबुली अर्धी बोलून झालेली, अर्धी घशात, आणि समोर ते काचेच्या मध्यापासून कडेकडे एका लयीत बोळा फिरवत होते. दोन लहान बाटल्यांतून थेंब थेंब घ्यायचे, पुसायचे, भिंगातून बघायचे, पुन्हा पुसायचे. शेवटी काच खिडकीसमोर धरली तेव्हा त्यांच्या दोन बोटांमध्ये काही आहे हेच दिसेना. लेन्स परत जुळवली, सगळे स्क्रू गोलांवरून उचलून आपापल्या जागी गेले, एकही उरला नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"मला माहीत होतं. ज्याला घ्यायचा असतो तो दुसऱ्या खेपेला घेतो. तिसऱ्यांदा येतो तो नीट शिकून घ्यायला येतो."

"मग शिकवलंत कशाला?"

त्यांना प्रश्न खरंच कळला नसावा. "शिकणारा दारात आला तर शिकवायचं नाही? आणि कॅमेरा कुठून घेतला हे त्या कॅमेऱ्याला काय ठाऊक. बुरशीला तर मुळीच नाही."

जाताना त्यांनी मला एक कपाट दाखवलं. जुनं सागवानी, आत खालच्या कप्प्यात एक मंद पिवळा दिवा. जूनपासून दिवाळीपर्यंत तो दिवा रात्रंदिवस जळत असतो. त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. कप्प्यांमध्ये कॅमेरे आणि लेन्सा दाटीने ठेवलेल्या, प्रत्येकीला चिंधी बांधलेली आणि चिंधीवर गावाचं नाव: रेवदंडा, चौल, मुरूड, पोयनाड, तळा. लोक पावसाळा लागला की कॅमेरे इथे आणून ठेवायचे आणि पाऊस संपला की न्यायचे.

"हे सगळे तुम्ही विकलेले?"

"तिसरा हिस्सा असेल. बाकीचे तुमच्या दिरांनी दिलेले," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

"आणि ह्याचे पैसे किती घेता?"

उत्तर पुढच्या दालनातून काकूंनी दिलं. "काही नाही घेत! धर्मशाळा काढलीय ह्यांनी!"

त्यानंतर मी दर मंगळवारी जाऊ लागले. सोमवारी पाहुणे जातात, मंगळवारी खोल्या रिकाम्या. जाताना शहाळं नाहीतर पोफळीच्या दिवसांत सुपारी न्यायची, टेबलाशी बसायचं. काका काम करताना मी बघायची, हळूहळू स्क्रू ठेवू लागले, मग बाहेरच्या काचा पुसू लागले. आणि बसल्या बसल्या दुकान कसं चाललंय तेही दिसू लागलं.

गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. रोज कोणी ना कोणी यायचं. कॅमेरा हातात घ्यायचं, वजन बघायचं, तासभर विचारायचं आणि जायचं. एका मंगळवारी पंचविशीतला एक जण आला, इंटरनेटवर स्वतःचं चॅनेल चालवणारा. सगळं समजून घेतल्यावर त्याने काकांसमोर फोन धरला. "इथे हा भाव आहे. एवढ्यात द्याल?"

काकांनी चष्मा वर करून आकडा वाचला. "नाही देता येणार."

"मग काय उपयोग?" तो म्हणाला.

"उपयोग आहे. ह्या दुकानदाराकडे कॅमेऱ्याबरोबर पट्टा येत नाही, तो वेगळा घ्या. आणि कार्ड हे घेऊ नका, मंद आहे." काकांनी त्याला कागदावर दोन नावं लिहून दिली.

तो गेल्यावर काकूंचा बांध फुटला. "अहो, घरात आलेल्याला पाणी देतात इथवर ठीक. तुम्ही त्याला दुसऱ्याच्या पंगतीला नेऊन बसवता! पट्टा घ्या, कार्ड घ्या! आणि ह्या..." त्यांनी माझ्याकडे हात केला, "ह्यांनीसुद्धा बाहेरूनच घेतला ना?"

माझे कान तापले. मी उठायला लागले तर त्याच म्हणाल्या, "बसा. चहा टाकलाय." आणि खरंच चहा दिला, आल्याचा, साखर जास्त घालून. त्यांचा राग माझ्यावर नव्हताच बहुधा, आणि असला तरी तो चहाच्या आड येत नसे.

काका कितीतरी वेळ हातातल्या कॅमेऱ्याकडे बघत होते. "कंपनी मला ज्या भावाला देते," ते म्हणाले, "त्याच्याहून कमी भावाला हा माणूस घरपोच देतो. मी फायदा शून्य धरला तरी तो पुढे. हे जमतं कसं?" आवाजात तक्रार नव्हती. कोणी नजरेसमोर रुपया गायब करून दाखवावा आणि बघणाऱ्याने रिकामा तळहात चाचपत राहावं, तसा त्यांचा चेहरा होता.

त्यांची मुलगी न्हावा शेव्याला, बंदरात आलेला माल सोडवून देणाऱ्या एका ऑफिसात नोकरी करते. ती कधीपासून म्हणत होती, बाबा, एकदा येऊन बघा, माल कसा येतो ते. काका म्हणायचे, दुकान बंद ठेवून कसा येऊ? त्या दिवशी त्यांनी तिला फोन लावला आणि म्हणाले, "येतो."

जानेवारीत एका बुधवारी दुकानाला कुलूप घालून ते दोघं माझ्या गाडीत बसले. कुलूप घातल्यावर काकूंनी ते तीनदा ओढून बघितलं. पेणवरून आम्ही गेलो. काकांच्या मांडीवर त्यांचा जुना कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स. मुलीने आम्हाला ऑफिसच्या इमारतीच्या गच्चीवर नेलं.

मी काय बघेन म्हणून गेले होते, आठवत नाही. जे दिसलं त्याला माझ्याकडे माप नव्हतं. जहाज म्हणजे मला आमच्या किनाऱ्यावरच्या होड्या माहीत, फार तर रेवसची लाँच. इथे एस.टी. स्टँडपासून आमची बाजारपेठ जाते तेवढं लांब एक जहाज उभं होतं, आणि त्याच्यावर रंगीत डब्यांची चाळीसारखी रास, मजल्यावर मजले. वर क्रेनांची रांग, प्रत्येकीची मान ताडाच्या कितीतरी पट उंच. एक डबा खाली टेकतो न टेकतो तोवर दुसरा उचललेला. खाली ट्रेलर येत होते, थांबत होते, जात होते, आणि एवढ्या लांबून त्यांचा आवाजही येत नव्हता. आपण श्वास घेतोय की नाही हे मला आठवून बघावं लागलं.

काका कठड्याला धरून उभे होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "ह्यातल्या कुठल्या डब्यात कॅमेरे?"

मुलीला हसू आलं. "बाबा, कॅमेरे बहुतेक विमानाने येतात. इथे त्यांच्या बॅगा असतील, स्टँड असतील. नाहीतर पंखे, चपला, खेळणी, सगळं."

"म्हणजे ज्याने माझं दुकान बुडवलं तो इथे नाहीच?"

"नाही बाबा."

"एवढा मी लांब आलो त्याला बघायला!" काका हसायला लागले. कठड्यावर हात आपटून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. काकू घाबरल्या, पाठीवरून हात फिरवू लागल्या. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "एक चप्पल एका माणसाच्या दाराशी पोचवायला एवढं सगळं. केवढी ही अक्कल, केवढी माणसं. आणि कॅमेऱ्यासाठी तर ह्याच्याहून मोठं काही असेल, हवेत. ह्याच्याशी मी अलिबागमध्ये बसून भावाची कुस्ती खेळत होतो! काय म्हणावं मला?"

मला वाटलं होतं ते खचतील. ते त्या क्रेनांकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर मी ओळखत होते. भिंगातून बुरशी बघतानाची.

मग त्यांनी लांब लेन्स लावली. दुपार कलायची वाट बघत तासभर बसले. मुलगी खाली कामाला गेली, काकूंनी डबा काढला, पोळी-भाजी झाली. शेवटी एका क्रेनच्या वरच्या काचेच्या खोलीवर ऊन तिरपं पडलं तेव्हा त्यांनी एकच फोटो काढला आणि आम्हाला लेन्समधून बघायला दिलं. त्या उंचीवर, काचेच्या खोलीत एक माणूस खुर्चीवर वाकून बसला होता आणि दोन्ही पायांमधून, पायांखालच्या काचेतून, खाली जहाजाकडे बघत होता. एवढा डोलारा, आणि त्याच्या टोकाला मान वाकवून बसलेला एक माणूस. मला का कोण जाणे, रडू आलं.

परतताना पेण आलं. मग काका म्हणाले, "विकायचं बंद करू. दुरुस्ती तेवढी ठेवू."

वडखळ गेलं, पोयनाड आलं. तेव्हा मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "मग मी दिवसभर करू काय?"

"गेली सहा वर्षं तूच म्हणतेस, बंद करा."

"मी म्हणणं वेगळं," काकू म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

उरलेला माल कंपनीच्या माणसाने परत नेला. काचेच्या कपाटात एकच नवा कॅमेरा उरला. तो घेतला तो एका मासे विकणाऱ्या मावशीने. मंगळवार होता, मी तिथेच होते. त्या टोपली पायरीवर ठेवून आत आल्या. मुलीला फोटोचं शिक्षण घ्यायला मुंबईला पाठवायची होती. काकांनी कॅमेरा दाखवला, आणि मग स्वभावाप्रमाणे खरं ते सांगितलं. "मावशी, फोनवर हाच कमी पैशांत मिळेल. मुलीला सांगा, ती मागवेल."

मावशींनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मी कल्ले उघडून बगितल्याबिगर मासली घेत न्हाय. आनि ही एवडी म्हागाची वस्तू न बगता घेऊ व्हय? हिचे कल्ले कुठं हाईत ते दावा."

काकांनी लेन्स फिरवून काढली आणि कॅमेऱ्याचं उघडं तोंड त्यांच्यापुढे धरलं. आत, जिथे चित्र उमटतं तो लहानसा चौकोन, वळवला की निळा, गुलाबी, हिरवा चमकणारा. मावशी खाली वाकल्या. माशांच्या वासाचे हात त्यांनी पाठीमागे बांधून घेतले होते, काही लागू नये म्हणून. बराच वेळ बघून त्या सरळ झाल्या.

"ताजी हाय," त्या म्हणाल्या. "बांदा."

काकू खोकं बांधताना इतक्या हसत होत्या की त्यांना दोरीची गाठ मारता येईना.

दुकानाचा पुढचा भाग आता मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने दिला आहे. मागे काकांचं टेबल. मला वाटलं होतं, हळूहळू तेही थांबेल. झालं उलटंच. जितके कॅमेरे लोक बाहेरून मागवतात तितके बिघडतातही, आणि बिघडल्यावर ते हातात घेणारं जवळपास कोणी नाही. लग्नाचे फोटो काढणारे येतात, आमच्यासारखे होमस्टेवाले येतात. चॅनेलवालाही आला. काकांनी त्याला पहिल्यांदा त्याच्या लेन्समधली बुरशी दाखवली आणि त्याने तिचाच व्हिडिओ केला. पैसा पूर्वीइतका नाही, पण टेबल रिकामं नसतं. दिव्याच्या कपाटाचा कारभार काकूंनी घेतला. धर्मशाळा बंद झाली, आता प्रत्येक कप्प्याला महिन्याचा दर आहे. पहिली पावती त्यांनी माझीच फाडली, आणि वर चहा दिला.

मागच्या थंडीत ते दोघं पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले. अलिबाग ते नागाव, किती ते अंतर! पण दुकान सकाळी नऊ ते रात्री नऊ, आणि रविवारीच गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे काका कितीतरी वर्षांत किनाऱ्यावर आले नव्हते. सकाळी ओहोटी होती. पाणी फार आत गेलेलं, ओली वाळू थेट दूरपर्यंत. मी त्यांना रोजचंच म्हणून दाखवलं, वाळूत लहान लहान कुर्ल्या असतात, नखाएवढ्या. त्या बिळातून निघतात, वाळूचा घास घेतात, त्यातलं खाण्यासारखं ते घेऊन उरलेल्याची गोळी करून मागे टाकतात. गोळ्यांच्या रांगा बिळापासून चहूबाजूंना जातात. आम्ही त्यांच्यावरून रोज चालत जातो.

काका थांबले. मग चपला काढून, स्वच्छ शर्टासकट, ओल्या वाळूवर पालथे झाले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. पाण्यातल्या खेळांच्या होड्या बाहेर काढणारी मंडळी बघायला लागली. काकू म्हणाल्या, "अहो, लोक बघतायत." काकांना ऐकू गेलं नाही. हललं की कुर्ल्या बिळात जातात, म्हणून ते हलत नव्हते. अर्धा तास गेला. त्यांनी काकूंना हाताने खुणावलं. काकूंनी इकडे तिकडे पाहिलं, साडीचा काठ खोचला आणि त्याही शेजारी बसल्या. मग आडव्या झाल्या.

पडद्यावर कुर्ली भिंतीएवढी दिसत होती. तिच्या डोळ्यांचे दोन दांडे उभे, आणि तोंडाशी अर्धवट झालेली गोळी, तिच्यातला वाळूचा प्रत्येक कण वेगळा. एक पिवळा, एक काळा, एक काचेसारखा आरपार. काकू बोटाने कण मोजायला लागल्या आणि मधेच सोडून दिलं.

"हे सगळं रोज होतं इथे?" त्यांनी मला विचारलं.

"दोनदा," मी म्हटलं. "प्रत्येक ओहोटीला. भरती आली की पुसून जातं."

पाणी परत वर चढू लागलं तेव्हा ते दोघं उठले. शर्टाला, साडीला ओली वाळू. माझ्या नवऱ्याने चहा आणला, तो तिथेच उभ्याने घेतला. दुपारी थांबा म्हणून मी खूप आग्रह केला, पण काका म्हणाले, तळ्याहून एक जण लेन्स घेऊन यायचाय, एवढ्या लांबून येणार, दार बंद दिसलं तर बरं नाही. साडेदहाला मी त्यांना बाजारपेठेत सोडून आले.